रंगभूमीवरचा रिप आणि भिंतीवरचा रिप

सन १९८६ ची गोष्ट. अमेरिकेत येऊन मला दोनच वर्षे झाली होती आणि हडसन नदीकाठच्या एका गावातील रुग्णालयात मी रात्रपाळी करीत होते. पाळी बदलताना दिवसपाळीची नर्स मला म्हणाली, "सात नंबरला आपले रिप आहेत. दुपारपासून उठलेले नाहीत." माझ्या काळजात धस्स झाले. मुंबईत नर्सिंग शिकत असताना शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या थडग्यांवरची ती तीन इंग्रजी अक्षरे मी पाहिली होती आणि आम्ही मुली ती 'रिप' अशीच वाचत असू. मी धावत सात नंबरच्या खाटेशी गेले आणि चादर दूर करून नाडी धरली. नाडी अगदी उत्तम! म्हातारबाबांनी एक डोळा उघडला आणि विचारले, "न्याहारी आली का?"

त्या रात्री सारा वॉर्ड हसला. मग त्याच नर्सने मला भेटीला येणाऱ्यांच्या खोलीत नेऊन भिंतीवरची एक जुनी, पिवळी पडलेली तसबीर दाखवली. फाटके कपडे, पोटापर्यंत आलेली पांढरी दाढी, हातात गंजलेली बंदूक. "हा रिप व्हॅन विंकल," ती म्हणाली. "आमच्याकडे फार झोपणाऱ्याला आम्ही रिप म्हणतो." आपल्याकडे कुंभकर्ण म्हणतात तसेच हे! त्या तसबिरीने मला एक छंद लावला. निवृत्त झाल्यावर वेळ मिळू लागला, तेव्हा वाचनालये व संग्रहालये पालथी घालून मी या रिपची चित्रे शोधली. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

रिपची मूळ कथा वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकन लेखकाने १८१९ मध्ये प्रसिद्ध केली. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्स्किल डोंगराच्या पायथ्याशी डच वस्तीचे एक गाव. तेथे रिप हा आळशी पण मनाने गोड माणूस राहतो. शेजाऱ्याच्या कामाला तो एका पायावर तयार, पण स्वतःच्या शेतात पाऊल टाकायचे म्हटले की अंगावर काटा. गावातली पोरे त्याच्या पाठीवर चढतात आणि बायको दिवसभर त्याच्या नावाने शंख करते. एके दिवशी तो बंदूक घेऊन डोंगरात जातो. तेथे एक विचित्र बुटका इसम त्याला दारूचे पिंप उचलायला लावतो. त्यातलीच दारू पिऊन रिप झोपतो आणि उठतो तो वीस वर्षांनी! दरम्यान अमेरिकन क्रांती होऊन गेलेली असते. खानावळीच्या पाटीवरचा राजा जॉर्ज आता जनरल वॉशिंग्टन झालेला असतो. रिप बापडा भर बाजारात आपली राजनिष्ठा जाहीर करतो आणि लोक त्याला हेर ठरवतात. शेवटी एक म्हातारी त्याला ओळखते.

ही कथा लवकरच रंगभूमीवर आली. जेम्स हॅकेट हा विनोदी नट रिपची भूमिका करू लागला आणि १८३२ च्या सुमारास हेन्री इन्मन या चित्रकाराने त्याचे त्या वेषातले चित्र रंगवले. इन्मनबरोबर एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेला जॉन क्विडॉर हा दुसरा चित्रकार. तो पोटासाठी दुकानांच्या पाट्या आणि आगीच्या बंबांवरची चित्रे रंगवी, पण मन आयर्विंगच्या कथांत रमलेले. 'रिप व्हॅन विंकलचे परत येणे' हे त्याचे १८४९ चे चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्यापुढे मी बराच वेळ उभी होते. मांडणी अगदी नाटकातल्या प्रवेशासारखी. मध्यभागी चिंध्यांतला रिप आणि भोवती वेडीवाकडी तोंडे केलेला जमाव. प्रथम आपणही त्या जमावाबरोबर हसतो. मग लक्षात येते की त्या एवढ्या गर्दीत त्याच्या ओळखीचा चेहरा एकही नाही.

यातले बरेचसे इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतले, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातले. अमेरिकेवर तिचे राज्य नव्हते, पण घरे सजवण्याची रीत दोन्हीकडे एकच होती. नाटकातील विनोदी पात्रांची चित्रे तेव्हा घरोघरी टांगली जात. इंग्लंडमध्ये शेक्सपिअरचा ढेरपोट्या फॉलस्टाफ आणि दीडशहाणा माल्व्होलिओ यांना मोठमोठे चित्रकार रंगवीत. चार्ल्स लेस्ली हा फिलाडेल्फियात वाढलेला मुलगा पुस्तकाच्या दुकानात उमेदवारी करीत होता. त्याने जॉर्ज फ्रेडरिक कुक या नटाचे चित्र काढले. ते लोकांना इतके आवडले की वर्गणी जमवून १८११ मध्ये त्याला चित्रकला शिकण्यासाठी इंग्लंडला पाठवले. पुढे तो शेक्सपिअर व मोलिएर यांच्या सुखान्त नाटकांतील प्रसंगांसाठी नावाजला.

पण तैलचित्र श्रीमंतांचे; गरिबाच्या घरी पोचते ते छापील चित्र. आपल्या कोकणातल्या घरी एलियाहू हन्नबीची रथातली छापील तसबीर असे, तिची किंमत ती किती. पण तिच्याशिवाय घर घर वाटत नसे. अमेरिकेतही तसेच झाले. न्यूयॉर्कची अमेरिकन आर्ट युनियन ही संस्था वर्षाला पाच डॉलर वर्गणी घेई आणि त्या बदल्यात सभासदांना छापील चित्रे देई. १८४९ मध्ये तिचे सभासद जवळजवळ १९ हजार होते. तिने १८४८ मध्ये फेलिक्स डार्ली या चित्रकाराकडून रिपच्या कथेवर सहा चित्रे करून घेतली. छाया नाही, रंग नाही, नुसत्या रेषा. पण त्या रेषांतून रिप हजारो घरांत गेला.

साप्ताहिकांतली चित्रे लाकडी ठशांवर कोरली जात. त्यासाठी बॉक्सवुड नावाच्या कठीण झाडाचे लाकूड आडवे कापून वापरीत. झाड लहान असल्याने मोठे चित्र एका तुकड्यावर मावत नसे. म्हणून अनेक तुकडे स्क्रूने जोडून त्यांवर चित्र उतरवीत, मग तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांना वाटून देत. कोणी नाक कोरले, कोणी टोपी! पुन्हा जोडल्यावर एक माणूस उभा राही. जुन्या अंकात कधी कधी तो जोड पांढऱ्या रेघेसारखा दिसतो.

आता मुख्य माणसाकडे वळते. जोसेफ जेफरसन याचा जन्म १८२९ मध्ये फिलाडेल्फियात, नटांच्याच घराण्यात झाला. 'अवर अमेरिकन कझिन' या १८५८ च्या विनोदी नाटकाने तो पुढे आला. (पुढे १४ एप्रिल १८६५ रोजी याच नाटकाचा दुसऱ्या मंडळीचा प्रयोग पाहत असताना अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.) १८५९ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात एका गोठ्याच्या माळ्यावर पडून वाचत असताना रिपची भूमिका आपण करावी असे त्याच्या मनाने घेतले. पहिला प्रयत्न त्याला स्वतःलाच पसंत पडला नाही. पुढे डायन बूसिको या नाटककाराने संहिता नव्याने बांधली आणि ४ सप्टेंबर १८६५ रोजी लंडनच्या अडेल्फी नाट्यगृहात ती उभी राहिली. पुढच्या वर्षी नाटक न्यूयॉर्कला आले. १९०४ पर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, जेफरसन रिपची भूमिका करीत राहिला.

त्याने नवे काय केले? डोंगरातल्या अंकात भुतांना एक शब्दही बोलू दिला नाही. बोलतो तो एकटा रिप. रिपच्या कुत्र्याचे नाव तो पुन्हा पुन्हा घेतो, पण कुत्रा रंगमंचावर येतच नाही. रिपची बोली डच वळणाची, मोडक्यातोडक्या इंग्रजीची. लोक तिलाही हसत. मी इकडे नवीन असताना माझे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ऐकून रुग्ण हसत, तेव्हा हे हसणे कसे असते ते मला ठाऊक आहे. पण जेफरसनने त्या बोलीची चेष्टा केली नाही. ती बोली त्या माणसाची आहे, एवढेच दाखवले. दारुड्या रिपला पाहून हसणारे लोक शेवटच्या अंकात डोळे पुसत घरी जात.

आणि चित्रेही बदलली. जॉन रॉजर्स हा शिल्पकार प्लास्टरचे छोटे पुतळे करून मध्यमवर्गीयांना विकी. आयुष्यात त्याच्या सुमारे ८० हजार प्रती खपल्या. १८७१ मध्ये त्याने जेफरसनला समोर ठेवून रिपचे तीन गट केले: मुलांबरोबर घरी असलेला रिप, डोंगरावर बुटक्यासमोरचा रिप आणि परत आल्यावर मोडक्या घरापाशी उभा असलेला रिप. क्विडॉरच्या चित्रातला जमाव येथे नाही. बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या त्या तिसऱ्या रिपकडे पाहून कोणाला हसू आले असेल असे मला वाटत नाही.

येथे नर्स म्हणून दोन शब्द लिहितेच. नाटकातला रिप दारू सोडल्याची शपथ घेतो आणि प्रत्येक नवा पेला 'हा धरायचा नाही' म्हणून रिचवतो. प्रेक्षक पोट धरून हसत. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० च्या आपल्या ग्रंथात सवयीचे प्रकरण लिहिताना याच रिपचा दाखला दिला आहे. माणूस तो पेला मोजत नसेल, पण त्याच्या शरीरातील मज्जातंतू तो मोजून ठेवतात, असे त्याचे म्हणणे. यकृत सडलेले, पोटात पाणी झालेले कितीतरी 'रिप' माझ्या हाताखालून गेले. स्वभावाने बहुतेक गोड! आणि खाटेशेजारी बसलेली त्यांची बायको बहुधा तिरसट.

म्हणून त्या बायकोविषयीही सांगितले पाहिजे. कथेत आणि चित्रांत ती कजाग, हात उगारलेली, तोंड उघडे. आपल्याकडे वासुदेवराव केळकरांनी शेक्सपिअरवरून केलेल्या नाटकाचे नावच 'त्राटिका'. अशा बाईला हसण्याची रीत सगळीकडची. पण शेत गहाण पडत आहे, पोरांच्या अंगावर धड कपडा नाही, नवरा गावभर लोकप्रिय. मग ओरडेल कोण? आयर्विंगच्या कथेत ती एका फेरीवाल्यावर संतापून रक्तवाहिनी फुटून मरते आणि वाचक हसतो. मी वाचले तेव्हा मनात आले, बाईचा रक्तदाब कोणी पाहिला होता काय? जेफरसनच्या नाटकात मात्र ती जिवंत राहते. नवऱ्याला वादळात घराबाहेर काढल्याचा पश्चात्ताप करते, दुसऱ्या लग्नात दुःख भोगते. रिपबरोबर तिलाही थोडे माणूसपण मिळाले.

परंतु रंगभूमीवरच्या प्रत्येक हास्यपात्राच्या वाट्याला असा जेफरसन आला नाही. खुद्द जेफरसन चार वर्षांचा असताना १८३३ मध्ये लोकांसमोर आला तो कसा? थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून 'जिम क्रो' हे सोंग करी, म्हणजे निग्रो गुलामाची टवाळी. त्याने तसेच रंगवलेले हे पोर पिशवीतून रंगमंचावर ओतले. लोक हसले. गाण्यांच्या पुस्तिकांवर जिम क्रोची चित्रे छापली गेली आणि घरोघरी पियानोवर जाऊन बसली. पुढे दक्षिणेत काळ्या लोकांना वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळी रुग्णालये ठरवणारे कायदे झाले, त्यांना नाव पडले 'जिम क्रो कायदे'. ते मोडायला १९६४ साल उजाडले. मी इकडे आले तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकले त्या दोन ज्येष्ठ काळ्या नर्सनी ते दिवस अंगावर काढले होते. हास्यचित्र कुठवर जाऊन पोचते ते पाहा!

आपणा यहुदी लोकांना हे नवीन नाही. १७०१ मध्ये लंडनला शेक्सपिअरचे 'व्हेनिसचा व्यापारी' फिरवून नवे नाटक केले गेले, त्यात शायलॉक विनोदी नटाकडे दिला होता. १७४१ मध्ये चार्ल्स मॅक्लिनने त्याला गंभीर केले आणि १८७९ मध्ये हेन्री आयर्विंगने त्याला दुःखी, मानी माणूस म्हणून उभे केले. तोपर्यंत पावणेदोनशे वर्षे गेली होती. चित्रांतले लांब नाक आणि खांद्यावरची पिशवी मात्र त्यानंतरही राहिली.

हसवणाऱ्याची किंमत लोक किती करतात, याचा एक प्रसंग सांगते. जॉर्ज हॉलंड हा न्यूयॉर्कचा जुना विनोदी नट. त्याने लोकांना अनेक वर्षे हसवले. डिसेंबर १८७० मध्ये तो वारला. जेफरसन हॉलंडच्या मुलाला बरोबर घेऊन एका धर्मगुरूकडे अंत्यविधीचे ठरवायला गेला. मृत मनुष्य नट होता असे कळताच धर्मगुरूने नकार दिला. तो म्हणाला, कोपऱ्यावर एक छोटे चर्च आहे, तेथे असले काम करतात. त्या छोट्या चर्चने अंत्यविधी केला. तेव्हापासून २९ व्या रस्त्यावरील त्या चर्चला 'कोपऱ्यावरचे छोटे चर्च' हेच नाव पडले आणि नटमंडळींचे ते आपले झाले.

'नाटक्या' हा शब्द आपल्या मराठीतही शिवीसारखाच वापरला जाई. लग्नाच्या बोलण्यात मुलगा नाटकात आहे असे निघाले की संपले. पण मेलेल्या माणसाला माती द्यायला नकार? मृतांना शेवटची आंघोळ घालणे हे काम मी आयुष्यभर केले. त्या वेळी हा हसवणारा की रडवणारा, हे हाताला कळत नाही.

ते चर्च मी पाहून आले. तेथे एका खिडकीत १९२५ मध्ये बसवलेले रंगीत काचेचे चित्र आहे. त्यात रिपच्या वेषातला जेफरसन आहे आणि त्याच्या आधाराने उभा आहे कफनात गुंडाळलेला हॉलंड. इन्मनच्या चित्रात रिप हा नटाचा वेष होता, क्विडॉरच्या चित्रात जमावाचे हसे होता. येथे तोच आळशी, दारुडा, फाटका रिप मित्राला हाताशी धरून देवाच्या दारात घेऊन जातो. विनोदी पात्राचे असे चित्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही. ऊन आले तेव्हा ते रंग समोरच्या बाकावर पडले होते. त्या दिवशी मला हसूही आले आणि रडूही आले.

असो. शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच हा रिप माझा झाला. १९८४ मध्ये देश सोडला तो मी २००४ मध्ये अलिबागला गेले. बरोबर वीस वर्षे! इस्राएल आळीतली ओळखीची बहुतेक घरे बंद होती. काही माणसे इस्राएलला, काही ठाण्याला, काही कबरस्तानात. मुंबईला भावाला पोचल्याचे कळवायचे म्हणून नाक्यावरच्या दुकानात जुन्या सवयीने विचारले, "इथून मुंबईला ट्रंककॉल लागेल का हो?" दुकानातली पोरे एकमेकांकडे पाहून हसू लागली. त्यांच्या हातात मोबाइल होते. राजा जॉर्जचा जयजयकार करणाऱ्या रिपची अवस्था मला त्या क्षणी कळली. कोणी वाईट नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर मीही हसले असते. पण पायांखालची जमीन सरकल्यासारखे झाले.

तेवढ्यात पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी कोळीण डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "अगो, तू मास्तरांची धाकटी ना? आवाज तोच हाय!" आयर्विंगच्या कथेतली म्हातारी ती हीच. तिने मला चार बोंबील बांधून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

जेफरसन १९०५ मध्ये वारला. त्याआधी १८९६ मध्ये त्याच्या रिपचे छोटे छोटे प्रवेश चलच्चित्रात घेतले गेले होते, ते आजही जतन केलेले आहेत. पडद्यावर तो मुक्याने हलतो, पेला उचलतो, झोपी जातो. पाहताना मला आपल्या डेव्हिड अब्राहम चेऊलकरांची आठवण झाली. 'बूट पॉलिश' मधला त्यांचा जॉनचाचा चोरून दारू विकणारा, लंगडा. पण अनाथ पोरांना त्याच्यावाचून कोणी नव्हते. तोही आपल्याला आधी हसवतो आणि मग त्याच्याविषयी माया उत्पन्न करतो.

वाचकहो, तुमच्या घरी जुन्या नाटकातली किंवा चित्रपटातली एखादी हसरी तसबीर पडून असेल तर टाकून देऊ नका. आधी मनमोकळे हसा. मग त्याला कोणी ओळखणारे आहे की नाही, तेवढे एकदा पाहा.

सात नंबरचे ते म्हातारबाबा बरे होऊन घरी गेले. जाताना त्यांनी मला हाक मारून विचारले, "काय, रिप जिवंत आहे ना?" मी नाडी पाहून सांगितले, "आहे."